नियम होता, सांगणारं कोणी नव्हतं

दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी आत्ता हॉलच्या मधोमध एक मोठी बॅग उघडी पडलेली असेल. जुलै-ऑगस्ट आला की साताऱ्यात, कराडात, सांगलीत, मिरजेत, अगदी जत-खटावच्या गावांतही हे दृश्य दिसतं. कुणी जर्मनीला एमएससाठी निघालंय, कुणी रशिया नाहीतर किर्गिझस्तानला डॉक्टर व्हायला, कुणी लंडनला एमबीएला, कुणी दुबईला इंटर्नशिपला. बॅग तेवीस किलोच्या आत बसवायची म्हणून ती दहा वेळा वजनकाट्यावर चढते. आई भडंगाची पिशवी आत सारते, बाबा ती काढून कुकर ठेवतात. आजीला कंदी पेढ्यांचा पुडा कुठे जाईल याची काळजी. तेवढ्यात शेजारच्या काकू येतात, ‘एवढं पुडकं आमच्या बाळ्याला दे हं,’ म्हणतात.

या सगळ्या गडबडीत एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. तिथे रात्री दोन वाजता पोटात कळ आली, तर हे पोरगं नेमकं काय करणार? फोन कुणाला लावणार? कुठल्या दवाखान्यात जाणार? पैसे कोण भरणार? आणि कुणी विचारलंच, तर आपलं उत्तर ठरलेलं असतं : ‘काही होत नाही!’

आज या तीन शब्दांबद्दलच बोलायचंय.

गोळेश्वरचा पैलवान

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तुम्हाला ठाऊक आहेत. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक. स्वतंत्र भारताला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना तिथे पाठवायला पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हेही तुम्ही शाळेत कुठेतरी वाचलं असेल. पण त्या गोष्टीतला पुढचा भाग आपण फारसा सांगत नाही.

जपानच्या शोहाची इशीबरोबरची कुस्ती खूप लांबली आणि खाशाबा ती हरले. धापा टाकत बाहेर येतात तोच त्यांना पुढच्या कुस्तीसाठी बोलावलं गेलं. समोर सोव्हिएत रशियाचा ताजातवाना पैलवान. दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण तो नियम तिथे ठणकावून सांगायला एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. दमलेले खाशाबा तसेच मॅटवर उतरले आणि हरले. सुवर्ण इशीला गेलं, रौप्य त्या रशियन पैलवानाला, आणि कांस्य आपल्याकडे आलं.

अंगात बळ होतं, डावपेच होते, मागे अख्खं गाव होतं. नियमसुद्धा बाजूनं होता. फक्त तो बोलून दाखवणारं माणूस शेजारी नव्हतं.

परदेशात तब्येतीचं आणि सुरक्षिततेचं जे काही बिघडतं, त्यात बऱ्याचदा हेच घडलेलं असतं. लस असते, ती घेतलेली नसते. विमा असतो, तो कसा वापरायचा हे माहीत नसतं. वकिलातीचा नंबर असतो, तो मोबाइलमध्ये नसतो. मदत करायला डॉक्टर तयार असतो, पण त्याला सांगितलेलंच नसतं.

फौजी, गलाईवाला आणि तुम्ही

आपल्या दोन जिल्ह्यांना बाहेर जाणं नवं नाही. साताऱ्याचं अपशिंगे गाव तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धापासून तिथली पोरं दूरदेशी गेली. इकडे विटा, खानापूर, आटपाडीची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यात पोचली.

पण ही माणसं कशी गेली ते बघा. फौजी एकटा जात नाही. त्याची पलटण असते, पलटणीचा डॉक्टर असतो, रांगेत उभं करून त्याला लस टोचली जाते, काय खायचं, किती पाणी प्यायचं, पायमोजे कधी बदलायचे हे सांगणारा उस्ताद असतो. गलाईवालाही एकटा जात नाही. तो ज्या शहरात उतरतो तिथे गावचं कुणीतरी आधीच दुकान टाकून बसलेलं असतं. ताप आला तर तेच दवाखान्यात नेतात, पेज करून घालतात.

तुम्ही मात्र एकटे जाता. वय अठरा, एकोणीस, फार तर तेवीस. यापूर्वी स्वतःसाठी डॉक्टरची वेळ कधी घेतलेली नाही, कारण ‘आपले डॉक्टर’ बाबांच्या ओळखीचे आहेत. आपला रक्तगट, आपल्याला कशाची अ‍ॅलर्जी आहे, लहानपणी कुठल्या लशी झाल्या, हे सगळं आईला पाठ असतं आणि तुम्हाला त्यातलं काहीच माहीत नसतं. म्हणजे पलटणीचा डॉक्टर, गावचा माणूस आणि आई, या तिघांचं काम आता तुम्हालाच करायचंय. जमेल, अवघड नाही. पण त्याची तयारी विमानात बसल्यावर करता येत नाही.

दोन महिने आधी मिरजेला जा

मिरजेला जा म्हणतोय ते उगाच नाही. विल्यम वॉनलेस यांनी १८९४मध्ये तिथे दवाखाना उभा केला, तेव्हापासून लांबलांबून लोक उपचारासाठी मिरजेला येतात. सातारकरांना मिरज लांब वाटत असेल तर जिल्हा रुग्णालय आहे, तुमचे नेहमीचे डॉक्टर आहेत. मुद्दा एवढाच, की डॉक्टरांना भेटायचं ते निघायच्या आदल्या आठवड्यात नाही. दोन महिने आधी.

कारण लशीला वेळ लागतो. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठं गोवर, गालगुंड, रुबेला यांवरच्या एमएमआर लशीच्या दोन डोसांचा पुरावा मागतात, आणि त्या दोन डोसांत किमान २८ दिवसांचं अंतर लागतं. विमानाला पंधरा दिवस उरलेत आणि लहानपणचं लसीकरणाचं कार्ड सापडत नाही, मग धावपळ सुरू होते. वसतिगृहात राहणार असाल तर मेंदूज्वराच्या लशीबद्दलही विचारा, कारण एकत्र राहणाऱ्या तरुण मुलांमध्ये तो लवकर पसरतो. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणार असाल तर क्षयरोगाची तपासणी व्हिसाच्या आधीच, त्यांनी ठरवून दिलेल्या केंद्रातच करावी लागते.

आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वर असलेल्या देशांत जाणार असाल, तर त्याची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी हवी. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, मोजक्या सरकारमान्य केंद्रांतच मिळते. तिचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. पण ते जवळ नसेल, तर परत येताना आपल्याच देशात तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लग्नघरी वऱ्हाड वाट बघतंय आणि तुम्ही विमानतळावर अडकलाय, असं नको.

दातांचंही इथेच उरकून घ्या. बऱ्याच ठिकाणच्या विद्यार्थी विम्यात दातांचा खर्च धरलेला नसतो. चष्मा असेल तर दुसरा जोड घ्या आणि नंबरचा कागद जवळ ठेवा. दमा, थायरॉइड, फिट्स, पाळीचा त्रास, डिप्रेशनची औषधं, जे काही असेल ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. औषधाचं कंपनीचं नाव नको, मूळ नाव हवं. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो, ते अमेरिकेतल्या दुकानात ‘अ‍ॅसिटामिनोफेन’ म्हणून मिळतं. भर तापात हे शोधत बसण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

पुडकं घेताना हात आखडा

आता बॅगेकडे वळू. तुमच्या बॅगेतली एखादी वस्तू इथे अगदी साधी असते आणि तिथे गुन्हा ठरते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेता येत नाही. होय, अनारशावरची तीच खसखस. मसाल्याच्या डब्यात ती आहे का, हे आईला विचारा. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, दुखण्याच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल. अमिरातीत ही औषधं आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाहीत. तेव्हा औषधांची चिठ्ठी, मूळ वेष्टन आणि गरजेपुरतीच संख्या. सुट्ट्या गोळ्या प्लॅस्टिकच्या डबीत भरून नेऊ नका.

युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दूध आणि मांस यांचे पदार्थ न्यायला मनाई आहे, त्यात आपला कंदी पेढा अडकू शकतो. ऑस्ट्रेलियात खायचं काहीही असेल तर ते आधी फॉर्मवर लिहून जाहीर करावं लागतं, लपवलं तर दंड. सांगलीची हळद जगभर चालते, पण वर्तमानपत्राच्या पुडीतली पिवळी पूड बघून कस्टमवाल्याच्या मनात काय येईल याचा विचार करा. बंद पाकिटातली, लेबल असलेली न्या.

आणि आता ते काकूंचं पुडकं. मुंबईचं एक जोडपं २०१९मध्ये कतारला गेलं. सहल नात्यातल्या बाईनंच ठरवून दिलेली आणि सोबत पोचवायला एक पुडकं दिलेलं. दोहाच्या विमानतळावर त्यात चार किलोंहून जास्त चरस निघालं. दोघांनाही शिक्षा झाली. आत काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं, हे सिद्ध होऊन निर्दोष सुटायला २०२१ उजाडलं. दरम्यान त्यांच्या मुलीचा जन्म तुरुंगात झाला होता. सगळ्या काकू तशा नसतात, अगदी मान्य. पण आपल्याकडे ‘नाही’ म्हणायचा संकोच फार. त्यामुळे एक साधी रीत ठेवा : पुडकं घ्यायचंच असेल तर समोर उघडून, बघून, स्वतःच्या हातानं परत बांधून घ्यायचं. काकूंना राग आला तर येऊ दे. तो दिवाळीपर्यंत जातो.

कृष्णा वेगळी, वोल्खोव वेगळी

सांगलीत आयर्विन पुलाच्या परिसरात किंवा कराडच्या प्रीतिसंगमावर वाढलेल्या पोरांना पाण्याची भीती नसते. पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकलेली पोरं ही. म्हणूनच हे त्यांना मुद्दाम सांगायचंय.

जून २०२४मध्ये रशियातल्या वेलिकी नोवगोरोदमध्ये वोल्खोव नदीकाठी काही भारतीय विद्यार्थी संध्याकाळी फिरायला गेले होते. एक जण पाण्यात आत ओढली गेली, बाकीचे तिला वाचवायला धावले. चौघं बुडाले. जळगाव जिल्ह्यातली पोरं त्यात होती. डॉक्टर व्हायला गेलेली ही मुलं, वय अवघं अठरा ते वीस.

अनोळखी पाण्याचा तळ, ओढ आणि गारवा आपल्याला कळत नाही. पंधरा अंशांहून गार पाण्यात माणूस एकदम पडला की पहिल्या मिनिटाला श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. चांगल्या पोहणाऱ्यालाही हा झटका चुकत नाही. पडलातच तर हातपाय मारू नका. पाठीवर तरंगत राहा, श्वास ताब्यात येऊ द्या, मग काठाकडे या. मित्र बुडत असेल तर पाण्यात उडी घेण्याआधी ओरडा, मदतीचा नंबर फिरवा, दोर, ओढणी, काठी, रिकामी बाटली, जे हाताला लागेल ते फेका. ‘पोहायला मनाई’ असा फलक कुठल्याही भाषेत असला तरी तो आपल्यासाठीच आहे.

रस्त्याचंही तसंच. अमेरिका, युरोपातले बहुतेक देश, रशिया, आखाती देश, सगळीकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. रस्ता ओलांडताना आपली मान सवयीनं आधी उजवीकडे वळते, आणि गाडी येते डावीकडून. पहिले काही आठवडे थांबायचं, दोन्हीकडे दोनदा बघायचं, कानातले इअरफोन काढायचे. सुट्टीत थायलंडला, बालीला जाऊन स्कूटर भाड्यानं घेणार असाल, तर इथल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. तो एक वर्ष चालतो. एमएच-१० आणि एमएच-११च्या रस्त्यांवर हेल्मेट हातात अडकवून फिरलात, तसं तिथे फिरू नका. परवाना किंवा हेल्मेट नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मग दवाखान्याचं बिल वडिलांच्या नावावर येतं.

थंडीबद्दल एकच. खोली गरम करायला कोळशाची शेगडी किंवा गॅसवरचा हीटर बंद खोलीत लावून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपेतच माणूस जातो.

आग लागल्यावर विहीर खणू नका

२४ फेब्रुवारी २०२२ला युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत त्या आठवड्यात चूल पेटली नसेल. २६ तारखेला २१९ जणांना घेऊन पहिलं विमान बुखारेस्टहून मुंबईत उतरलं. ‘ऑपरेशन गंगा’ची ती सुरुवात. पण विमान युक्रेनमधून सुटत नव्हतं. आधी सीमेपर्यंत पोचायचं होतं. उणे तापमानात मैलोन्‌मैल चालत, तळघरात दिवस काढत पोरं पोलंडच्या, रुमानियाच्या, हंगेरीच्या सीमेवर आली. शेजारच्या कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्याचा एक विद्यार्थी खार्किव्हमध्ये खाण्याचं सामान आणायला रांगेत उभा असताना १ मार्चला गोळाबारीत गेला.

मे २०२४मध्ये किर्गिझस्तानच्या बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमाव चालून गेला. तेव्हा वकिलातीनं विद्यार्थ्यांना खोलीतच थांबा, असं सांगितलं. ज्यांच्यापर्यंत हा निरोप वेळेत पोचला, त्यांना काय करायचं हे कळलं.

निरोप पोचायला तुमचं नाव त्यांच्याकडे असावं लागतं. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ नावाचं पोर्टल २०१५पासून आहे. परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्यानं तिथे आपली नोंद करायची असते. काही अडलं तर तक्रारही तिथेच करता येते. पैशाविना अडकलेल्या भारतीयांसाठी वकिलातींकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. खरोखरच्या संकटात तो मागता येतो, ती भीक नव्हे. नियम तुमच्या बाजूनं आहे, तो सांगायला फक्त तुम्हीच तिथे आहात.

पासपोर्टच्या दोन झेरॉक्स, एक बॅगेत, एक घरी. पॉवर बँक भरलेली. थोडी रोकड, कारण गोंधळात एटीएम बंद पडतात. दोन दिवस पुरेल एवढं कोरडं खाणं, आणि त्यासाठी भडंगाला तोड नाही! आणीबाणीचे नंबर पाठ : युरोपात आणि रशियात ११२, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात तीन वेळा शून्य. जायच्या आधी हे पाच मिनिटांत पाठ होतं.

विम्याचा कागद मात्र पाच मिनिटांत होत नाही. तो वाचा. ब्रिटनला जाणारा विद्यार्थी व्हिसाबरोबरच दर वर्षाचे ७७६ पौंड आरोग्य अधिभार म्हणून भरतो. एवढे पैसे भरूनही तिथे गेल्यावर जवळच्या डॉक्टरकडे नावच नोंदवत नाहीत अशी मुलं आहेत. आजारी पडल्यावर मग नोंदणीसाठी धावतात. जर्मनीत विद्यार्थ्याला आरोग्य विमा घेतल्याशिवाय विद्यापीठात प्रवेशच मिळत नाही. अमेरिकेत विमा नसताना दवाखान्यात पाय ठेवणं म्हणजे एका रात्रीत इथली एकरभर जमीन विकण्यासारखं. विम्याचा फॉर्म भरताना जुना आजार लपवू नका. एजंट ‘ते लिहू नका’ म्हणाला तरी लिहा. पुढे दावा नाकारला जातो तो तुमचा, एजंटचा नाही.

‘घरी सांगू नको’

इथपर्यंतचं सगळं यादी करून जमतं. पुढचं जमत नाही, म्हणून ते महत्त्वाचं.

आनंदीबाई जोशी १८८३मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, एकट्या अमेरिकेला गेल्या. मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात क्षयानं गेल्या, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. तिथली थंडी आणि न सोसणारं खाणं यांनी तब्येत पोखरली होती. त्या काळी क्षयाला औषध नव्हतं. आज आहे. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्याची तपासणी आज कुठल्याही देशात होते. आनंदीबाईंना जे मिळालं नाही ते तुम्हाला उपलब्ध आहे, मग ते न वापरण्याचं कारण काय?

कारण बहुतेक वेळा पैशांचं आणि लाजेचं असतं. शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलंय. ऊस गेलाय, त्याचे पैसे फीला लागलेत. कुणाच्या घरी बागायतीचा तुकडा गहाण पडलाय. अशा वेळी पोरगं आजारी पडलं, परीक्षेत नापास झालं, रात्र रात्र झोप येईना, जेवण जाईना, वसतिगृहात कुणी त्रास देतंय, तरी व्हिडिओ कॉलवर ते हसतं. ‘मस्त चाललंय आई.’ मागे भिंतीवर भगवा, समोर मॅगीचं भांडं. आईला दिसतं की गाल बसलेत, पण तीही विचारत नाही, कारण तिला वाटतं पोरगं अभ्यासानं दमलंय. दोन्हीकडून एकमेकांना जपण्याच्या नावाखाली कुणीच काही बोलत नाही.

दोस्तांनो, गावानं वर्गणी काढली होती ती खाशाबा कुस्ती खेळून परत यावेत म्हणून. पदक आलं, गावानं बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली. पण ते पदकाविना आले असते तर गोळेश्वरनं त्यांना वेशीवरून हाकलून दिलं असतं का? तुमच्या घरच्यांनी कर्ज काढलं ते तुमच्या डिग्रीसाठी, बरोबर. पण डिग्री आणि तुम्ही यातलं एकच निवडायचं झालं, तर ते काय निवडतील हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. मग ते निवडायची संधी त्यांना द्या. वेळेवर सांगा. एक वर्ष वाया गेलं तर जाऊ दे.

विद्यापीठांत समुपदेशक असतात, बऱ्याच ठिकाणी ती सोय मोफत असते, आणि तिथे काय बोललात हे घरी किंवा प्राध्यापकांना कळवलं जात नाही. तिकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. ताप आला की डॉक्टरकडे जातो, तसंच ते.

आणि पालकहो, हे पान तुम्हीही चहाबरोबर चाळताय हे आम्हाला माहीत आहे. फोनवर पहिला प्रश्न ‘अभ्यास कसा चाललाय?’ हा विचारू नका. ‘काय जेवलास?’ विचारा, ‘झोप लागते का?’ विचारा. आणि निघण्याआधी एकदा स्पष्ट सांगून टाका : ‘काहीही झालं तरी आधी आम्हाला फोन कर. आम्ही ओरडणार नाही.’ आणि नंतर खरंच ओरडू नका.

परत येताना

एक गोष्ट राहिलीच. प्रवास जाण्यानं संपत नाही. मार्च २०२०मध्ये सौदी अरेबियाहून इस्लामपूरला परतलेल्या एका कुटुंबातल्या चौघांना करोना झाल्याचं उघड झालं, आणि काही दिवसांत नातलग धरून आकडा वीसच्या पुढे गेला. साताऱ्यातही पहिले रुग्ण परदेशातून आलेल्या प्रवाशांमध्येच सापडले. त्या घरांचा काही दोष नव्हता. हा आजार काय आहे हे तेव्हा जगालाच नीट कळलं नव्हतं. पण त्या माणसांकडे लोकांनी ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर आठवली की आजही लाज वाटते. आपल्याला त्यातून दोन गोष्टी घेता येतात. परदेशातून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, पुरळ, कावीळ काही दिसलं, तर डॉक्टरांना ‘मी अमुक देशातून आलोय’ हे पहिल्याच वाक्यात सांगायचं, कारण तपासण्या त्यावर ठरतात. आणि दुसऱ्या कुणी असं सांगितलं, तर त्याच्यापासून गावानं तोंड फिरवायचं नाही. लोक तोंड फिरवतात म्हणूनच माणसं लपवतात.

तर आज संध्याकाळी एक काम करा. तुम्ही निघणार असाल तर तुमच्यासाठी, नाहीतर निघणाऱ्या मैत्रिणीसाठी, मित्रासाठी. एक कोरा कागद घ्या, आईला शेजारी बसवा. रक्तगट, अ‍ॅलर्जी, झालेल्या लशी, चालू औषधं मूळ नावासह, जुने आजार, विम्याचा नंबर, वकिलातीचा नंबर, त्या देशाचा आणीबाणीचा नंबर, आणि त्या शहरातल्या निदान एका माणसाचं नाव ज्याला रात्री दोनला उठवलं तरी चालेल. हे शेवटचं नाव मिळत नसेल, तर मिळेपर्यंत शोधा. आपल्या कॉलेजचा आधीच्या बॅचचा विद्यार्थी, तिथलं महाराष्ट्र मंडळ, वर्गातला सोबती, कुणीही. त्या कागदाचे दोन फोटो काढा. एक तुमच्या मोबाइलमध्ये, एक घरी.

मग खुशाल बॅग वजनकाट्यावर चढवा. हा कागद काही ग्रॅमचा आहे, तेवीस किलोंत बसतो.